डावीकडची गादी

१

पेटी कबरस्तानातून परत आली की पुढचं काम माझं असायचं. माझा चुलत दीर झेवियर आणि बाकीचे तिघं ती आमच्या पडवीत दोन लाकडी घोड्यांवर टेकवायचे, नवारीच्या पट्ट्या गुंडाळून खुंटीला लावायचे आणि हातपाय धुवायला नळावर जायचे. मग मी झाकण उघडायची. आत दोन अर्ध्या गाद्या, एक डावी, एक उजवी, प्रत्येकीला आठ बटणं. बटणं सोडायची, खोळी उतरवायच्या, सोड्याच्या पाण्यात टाकायच्या, कापूस हातानं मोकळा करून उन्हात ठेवायचा. संध्याकाळपर्यंत सगळं कोरडं आणि कोरं. आधी कोण झोपून गेलं ते पुढच्याच्या घरच्यांना जाणवता कामा नये, एवढंच माझं काम.

ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, ठाऊक आहे मला. पुरलेल्या माणसाची पेटी परत कशी येईल? आमच्याकडे यायची. अंधेरीच्या एमआयडीसीमागे आमचं गावठाण आहे. तिथल्या सगळ्या ख्रिस्ती घरांची मिळून ती एकच पेटी होती, आणि ती माझ्या नवऱ्यानं, अर्बननं, बनवली होती.

अर्बन फाउंड्रीत लाकडी साचे करायचा. एक सूत इकडचं तिकडं झालं तर त्याला जेवण जायचं नाही, असला माणूस. ब्याऐंशी साली आमच्या गल्लीतली एक म्हातारी वारली. तिच्या मुलानं घरातलं कपाट आणून अर्बनच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला, "ह्याच्यातून आईची पेटी काढ." अर्बननं काढली. पण कपाटाच्या दाराला आरशाच्या स्क्रूची चार भोकं होती, आणि ती नेमकी म्हातारीच्या तोंडावर आली. त्यानं पुट्टी भरून ती बुजवली, तरी पुढचे आठ दिवस त्याच्या डोक्यातून ती भोकं गेली नाहीत.

"दोन वर्षांनी तीच कबर दुसऱ्यासाठी उघडतात," तो मला म्हणाला. "फळ्या कुजून गेलेल्या असतात. साग असो नाहीतर खोक्याचं लाकूड असो. पेटी माणसाला खड्ड्यापर्यंत न्यायला लागते, पेट्रू. खड्ड्यात कशाला लागते?"

मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

२

तीन महिने तो सुट्टीच्या दिवशी पडवीत खपत होता. सागाची चौकट, बाजूंना चांगला प्लाय, वरून पॉलिश. बाहेरून बघितलं तर कुठल्याही पेटीसारखी पेटी. गंमत तळाशी होती. तळ म्हणजे दोन लांब झडपा होत्या, एक डाव्या बाजूला बिजागरीवर, एक उजव्या बाजूला. पायाकडे पितळेचा खटका. पेटी कबरीवर दोन वाशांवर ठेवायची, खटका ओढला की झडपा खाली उघडायच्या. माणूस चादरीत गुंडाळलेला, नवारीच्या दोन पट्ट्यांवर. एक पट्टी खांद्यांखाली, एक गुडघ्यांखाली. चौघांनी पट्ट्या हळूहळू सोडायच्या. माणूस खाली जाईल, पेटी वर राहील.

माझ्याकडे शिवणाचं मशीन होतं, तेव्हा गाद्या मी केल्या. एकच गादी केली असती तर झडपा उघडताना मध्ये अडकली असती, म्हणून दोन अर्ध्या. प्रत्येक गादी आपापल्या झडपेला बटणांनी बसवलेली.

फादर खूश झाले. रविवारी मिस्सा संपल्यावर त्यांनी पेटी सगळ्यांना दाखवली, पैसे लागणार नाहीत म्हणून सांगितलं. लोकांनी मान डोलावली आणि सात महिने कोणी तिला हात लावला नाही. कर्ज काढतील, मंगळसूत्र मोडतील, पण आपला माणूस दुसऱ्याच्या पेटीतून नेणार नाहीत. "उतरलेले कपडे घालून पाठवल्यासारखं वाटतं," असं एक बाई मला तोंडावर म्हणाली. चर्चच्या खोलीत वाळवी लागेल म्हणून शेवटी पेटी आमच्याच पडवीत आली.

आमच्या भिंतीला भिंत लावून मालन राहायची. मालवणकडची, नवरा गिरणीतून सुटून वॉचमन झालेला. तिनं पेटीकडं बघून एकदा कपाळाला हात लावला.

"आमचा बरा गो," ती म्हणाली. "दोन बांबू नि एका मडक्यात काम भागता. तुमचे नखरे लय."

मी हसले. अर्बन हसला नाही. त्याला तो अपमान आतून कुठंतरी खात होता, आणि मला ते दिसत होतं.

३

आमची मुलगी व्हायोलेट. घरात आम्ही तिला वायलू म्हणायचो. आठ वर्षांची होती. त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात तिला ताप आला, तो डोक्यात गेला, आणि चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. ह्याच्यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

आमच्यात लहान मुलांची पेटी पांढरी असते. छोटी, वर सॅटिन लावलेली. मी अर्बनला म्हणाले, "तिच्यासाठी पांढरी पेटी कर. तुला दोन तास लागतील."

तो पडवीत उभा होता. त्या मोठ्या पेटीवर हात ठेवून.

"हीच न्यायची," तो म्हणाला.

"वेडा झालास काय रे तू? मोठ्या माणसाची पेटी आहे ती. ती त्यात हरवून जाईल."

"माझ्याच पोरीला नको म्हटलं तर दुसऱ्याला कुठल्या तोंडानं सांगू, पेट्रू? लोक म्हणतील, बघा, गरिबांसाठी एक नि ह्याच्या पोरीसाठी वेगळी."

"म्हणू देत."

पण त्यानं ऐकलं नाही. मी त्या दिवशी त्याच्याशी भांडायला हवं होतं, त्याच्या अंगावर धावून जायला हवं होतं. माझ्यात तेवढं बळ नव्हतं. आम्ही तिला त्या पेटीत बरोबर मधोमध ठेवलं, दोन गाद्यांच्या फटीवर, आणि दोन्ही बाजूंना एवढी जागा उरली की मी तिथं शेवंतीच्या फुलांच्या टोपल्या रिकाम्या केल्या.

खटका अर्बननं ओढला. मी तोंड फिरवलं होतं. मला फक्त खट्ट असा आवाज आला आणि दोन झडपा खाली आपटल्याचा. मग नवारीची सरसर, आणि मग माती.

त्यानंतर गावठाणातल्या कोणीही त्या पेटीला नाही म्हटलं नाही. अर्बननं स्वतःच्या पोरीला त्यातून नेलं, मग आपण कोण मोठे लागून गेलो, असं लोक म्हणायला लागले. खटका सगळ्यांत जवळच्या माणसानं ओढायचा, ही रीतही त्या दिवसापासून पडली. कितीतरी घरं कर्जातून वाचली असतील. मी मात्र नवऱ्याला माफ केलं नव्हतं. जेवण वाढायची, कपडे धुवायची, पण माफ केलं नव्हतं.

४

दोन महिन्यांनी एक आजोबा गेले. चांगले धिप्पाड, नव्वद किलोचे. पेटी परत आली, मी झाकण उघडलं, आणि बटणांना हात घालायच्या आधी थांबले.

गादी दबलेली होती. दबणारच, त्यावर माणूस झोपून गेला होता. पण खळगा आजोबांचा नव्हता. दोन गाद्यांच्या मधोमध, डोक्याकडच्या बाजूला, छोटा, अरुंद. खांद्यांना जेमतेम एक वीत रुंद. खाली पावलांपर्यंत गेला तरी गादीचा एक तृतीयांश भाग फुगीर आणि कोराच होता.

मी शिवणाची बाई आहे. कापूस कसा बसतो मला माहीत आहे. वजन मध्ये पडलं की कडेचा कापूस वर येतो, ओलीनं गोळे होतात, सांध्यावर खोलगट दिसतं. मी स्वतःला हे सगळं समजावलं. मग मशीनच्या खणातून टेप काढली आणि मोजलं. पावणेचार फूट भरलं.

तिच्या शाळेच्या फ्रॉकची मापं मी काढत आले होते. मला कुठल्या वहीत बघायची गरज नव्हती.

मी खोळी काढल्या, धुतल्या, कापूस पिंजल्यासारखा मोकळा केला, उन्हात ठेवला, पुन्हा भरला. गाद्या फुगलेल्या, एकसारख्या. झाकण लावलं. अर्बनला काही सांगितलं नाही. त्याला सांगायचं म्हणजे त्याच्याशी तिच्याबद्दल बोलायचं, आणि ते आम्ही बंद केलं होतं.

एप्रिलमध्ये एक बाई गेली, उंच, हाडकुळी. खळगा तेवढाच. पावणेचार फूट.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी पडवीत काज करत बसले होते. एमआयडीसीचा दोनचा भोंगा होऊन गेला होता, गल्लीत कोणी नव्हतं. पेटीतून आवाज आला. खस्स. थोडं थांबून परत, खस्स. उंदीर, मी म्हटलं. पण उंदीर कुरतडतो, पळतो, त्याला घाई असते. ह्याला कसली घाई नव्हती.

वायलूला झोप लागायच्या आधी पावलं एकमेकांवर घासायची सवय होती. रोज रात्री, आमच्या दोघांच्या मध्ये, चादरीखाली.

मी झाकण उघडलं नाही. काज करत राहिले. थोड्या वेळानं आवाज थांबला, जसा तो नेहमी थांबायचा, ती झोपल्यावर.

५

भीती वाटली का, असं कोणी विचारलं तर काय सांगू? पहिल्या दिवशी केलेली काजं मला सगळी उसवावी लागली. दुसऱ्या दिवशी मी सगळी कामं उरकून भोंग्याच्या आधीच पडवीत जाऊन बसले.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पेटी कुणाला तरी नेऊन परत आली की पुढचे आठ-दहा दिवस तो आवाज यायचा. मग विरळ व्हायचा. मग बंद. मी कितीही वेळ बसले तरी नुसतं लाकूड. पुन्हा कोणीतरी जायचं, पेटी परत यायची, खळगा असायचा, आणि दुपारी दोननंतर खस्स, खस्स.

तेव्हा मी काय करायला लागले ते लिहिताना लाज वाटते. चर्चची मरणाची घंटा वाजली की मला आनंद व्हायचा. हातातलं काम टाकून मी उभी राहायची. कोण गेलं ते मागाहून विचारायची. कोणाची आई, कोणाचा कमावता नवरा, आणि मी घरात उभ्या उभ्या खोळींना इस्त्री करतेय, गुणगुणतेय. रविवारी चर्चमध्ये मी म्हाताऱ्यांकडे बघायची. कोण खोकतोय, कोणाला दोघांनी धरून आणलंय.

मालनच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"तुझा तोंड आज उजळलाहा गो," ती एकदा म्हणाली. घंटा वाजत होती. "कोण आपलो माणूस येवचो आसा काय?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. ती गेल्यावर मी आरशात बघितलं आणि मला माझीच किळस आली. पण तेवढ्यापुरती. दुसऱ्या दिवशी पेटी परत येणार होती.

अशी तीन वर्षं गेली.

६

शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर मी टेप घेऊन बसले आणि खळगा सव्वातीन फूट भरला. आणि तो मधोमध नव्हता. सगळा डाव्या गादीवर आला होता.

पुढच्या वेळी तीन फुटांच्या आत. डाव्या गादीच्याही डाव्या कडेला, प्लायला चिकटून. वरच्या बाजूला गोल, मध्ये वाकलेला.

ती कमी कमी होतेय, मला वाटलं. विरतेय. आपण एवढी वर्षं तिला धरून ठेवलं, आता ती सुटून चाललीय. त्या दिवशी मी इतकी रडले की अर्बन आतून उठून आला. तो तेव्हा घरीच असायचा. फाउंड्रीची रेती त्याच्या छातीत बसली होती. दहा पावलं चालला की त्याला भिंत धरावी लागायची.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

मी सगळं सांगितलं. खळगा, मापं, आवाज, घंटा. मला वाटलं तो म्हणेल, डोकं फिरलंय तुझं. तो पेटीपाशी गेला, वाकला आणि गादीकडे बघत राहिला. साच्याकडे बघायचा तसा, एक डोळा मिटून. मग त्यानं बोट पुढं केलं आणि गादीला न टेकवता हवेतच रेघ काढली.

"हे डोकं," तो म्हणाला. "ही पाठ, फळीला टेकलेली. हे गुडघे. पोटाशी घेतलेत." त्याचा श्वास लागला. "ती कमी नाही झाली पेट्रू. ती अंग चोरून झोपलीय. येणाऱ्याला जागा करून देतेय."

आमच्या एका खोलीच्या घरात पाहुणा आला की मी तिला झोपेतच म्हणायची, सरक गं बाय थोडी. ती डोळे न उघडता भिंतीकडे सरकायची. कधी कुरकुरली नाही.

तीन वर्षं मी एकेका मरणाची वाट बघत होते, आणि दर वेळी कुणीतरी परकं माणूस, थंड, जड, तिच्या अंगावर ठेवलं जात होतं. आणि ती सरकत होती.

"तुला कसं कळलं?" मी म्हणाले. "तू एवढ्या खात्रीनं कसं बोलतोस?"

त्यानं झाकण हलकेच लावलं.

"त्या दिवशी पट्ट्या मोठ्या माणसाच्या मापाच्या होत्या," तो म्हणाला. "गुडघ्याची पट्टी तिच्या पावलांच्याही खाली जात होती. मी खटका ओढला, झडपा उघडल्या, डोक्याकडे येऊन मी एकाच्या हातातली पट्टी घेतली, चादर खाली सोडली. खांद्याची पट्टी माझ्या नि झेवियरच्या हातात होती. तिला वजनच आलं नाही. सैल होती, पेट्रू. झेवियर म्हणाला, पोर केवढीशी, वजन कुठून लागणार. मी पण तेच धरून बसलो. पण मी रोज हातानं लाकूड तोलणारा माणूस आहे. पट्टीवर काही नव्हतं."

"मग थांबलास का नाही?"

"सगळे बघत होते," तो म्हणाला.

त्या दिवशी तो माझ्यासमोर पहिल्यांदा रडला. मी त्याला मारलं. दोन्ही हातांनी, छातीवर, खांद्यावर. त्यानं मारू दिलं. मग मीच त्याला धरून आत नेलं, कारण त्याला उभं राहवत नव्हतं.

७

फादरना सांगून काय करणार होतो? पेटी जाळली तर ती कुठं जाईल? पेटीच पुरली तर दोन वर्षांनी कबर उघडतीलच. आम्ही चार दिवस हेच बोलत होतो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही नवरा-बायकोसारखे बोलत होतो.

पाचव्या दिवशी अर्बन म्हणाला, "पुढचा मी जातो. तोवर पेटी कोणाला देऊ नको. मी तिला घेऊन जातो खाली."

"असं बोलू नकोस रे."

"डॉक्टरनं काय सांगितलं ते तू ऐकलंस. वेळेचाच प्रश्न आहे. फक्त मधे कोणी यायला नको. आता तिला सरकायला जागा नाही."

पण मध्ये कोणी येणार नाही हे आम्ही कोण ठरवणार? झेवियरची आई अंथरुणाला खिळली होती. झेवियर अर्बनचा चुलतभाऊ, पेटी उचलायला दर वेळी पहिला हात त्याचा. त्याला नाही कसं म्हणणार, आणि कारण काय सांगणार? मी रोज सकाळी त्या म्हातारीकडे पेज घेऊन जायला लागले. तिला भरवायची, पाठ चोळायची, देवाला सांगायची, हिला राहू दे. झेवियरला वाटायचं, वहिनी किती मायाळू. कालपर्यंत मी ह्याच म्हातारीचे दिवस मोजत होते.

आणि घरी येऊन मी अर्बनकडे बघायची. तो गोळ्या घेतोय की नाही, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. ह्याचं उत्तर मला द्यावं लागेल, कधीतरी, कुठंतरी.

जानेवारीत एका सकाळी तो उठलाच नाही. म्हातारी अजून पेज गिळत होती.

दहा वाजता झेवियर आला, बरोबर चर्चच्या कमिटीतली दोन माणसं. झेवियरचे डोळे लाल झाले होते.

"वहिनी, आम्ही ठरवलंय," तो म्हणाला. "अर्बनला ह्या पेटीतून नाही न्यायचं. त्यानं सगळ्या गावाला पेटी दिली, त्याला त्याची स्वतःची पाहिजे. सागाची सांगितलीय, वांद्र्याहून येतेय. सगळ्यांनी वर्गणी काढली. तू नाही म्हणू नको."

मी त्यांना म्हणाले, "मला थोडा वेळ द्या."

पडवीत जाऊन मी पेटीपाशी बसले. कोणी ऐकत नव्हतं म्हणून खरं ते मनात आलं. सागाची पेटी घेतली तर अर्बन एकटा जाईल. ही पेटी इथंच राहील. मी तिला कुलूप घालीन, गाव काही का म्हणेना. मग ती परत मधोमध येईल, हातपाय पसरून झोपेल. माझी एकटीची. रोज दुपारी मी इथं बसेन, आणि कोणी मरायची गरजही पडणार नाही कदाचित.

मी झाकण उघडलं. डाव्या कडेला खळगा होता, एखाद्या उशीएवढा उरलेला. प्लायच्या आणि गादीच्या फटीत जिथं कापड दुमडतं, तिथं ते दुमडलेलं कापड हळूच वर आलं, आणि हळूच खाली बसलं. परत वर. मी बघत होते. माझ्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला, आणि तरी मला तिथं हात ठेवायचा होता.

मी हात ठेवला नाही. बाहेर येऊन झेवियरला म्हणाले, "तुमचे उपकार आहेत रे. पण त्याची इच्छा होती. ह्याच पेटीतून."

८

अर्बनला मी स्वतः आंघोळ घातली, सूट चढवला. दोन्ही हात छातीवर घेऊन मनगटं पांढऱ्या फितीनं बांधली, मध्ये जपमाळ दिली. चौघांनी त्याला पेटीत ठेवलं तेव्हा मी म्हणाले, "उजवीकडे घ्या जरा. डावीकडे जागा सोडा." झेवियरनं माझ्याकडे बघितलं, पण नवरा गेलेल्या बाईला कोण काय विचारणार.

कबरस्तानात दुपारचं ऊन होतं. फादरनी प्रार्थना संपवली. पेटी वाशांवर ठेवून झाकण काढलं, आणि झेवियरनं चादर त्याच्या तोंडावरून घेऊन दोन्ही टोकं बांधली. पट्ट्या चौघांनी हातात घेतल्या. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. खटका मी ओढायचा होता.

मी पायाकडे गेले, वाकले, पितळेवर बोटं ठेवली. ह्या वेळी तोंड फिरवायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

चादर त्याच्या अंगाबरोबर सपाट होती, उजवीकडे. डावीकडे ती उचललेली होती. त्याचा डावा हात छातीवर नव्हता. फीत मी गाठ मारून बांधली होती, दोनदा. तो हात आता बाजूला होता, कोपरात वाकलेला, आणि कोपराच्या आत चादरीखाली काहीतरी होतं, गोल, लहान. ते त्याच्या काखेत आणखी आत शिरलं. झोपेत पोर शिरतं तसं.

मला ओरडायचं होतं, थांबा. मला म्हणायचं होतं, बाय, इकडे बघ, मी इथं आहे. झेवियर म्हणाला, "वहिनी." फक्त तेवढंच. मी खटका ओढला.

खट्ट झालं. झडपा खाली आपटल्या. पट्ट्या ताणल्या गेल्या.

"डावीकडं सांभाळ रे," झेवियर समोरच्याला म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "डावीकडं जास्त ओढतंय. सावकाश सोड. सावकाश."

त्यांनी सावकाश सोडलं. तळाला टेकल्यावर पट्ट्या सैल पडल्या. मी कबरीच्या काठावरून वाकून बघितलं, पण चादर आता नुसती चादर होती. मी माती टाकली. एक मूठ टाकायची असते, मी दोन टाकल्या.

संध्याकाळी पेटी पडवीत आली. माणसं नळावर गेली. मी झाकण उघडलं. दोन्ही गाद्या फुगीर होत्या, एकसारख्या, जशा मी पहिल्या दिवशी भरल्या होत्या. अर्बनचाही खळगा नव्हता. मी डाव्या कडेला हात ठेवला, मग मधोमध, मग उजवीकडे. टेप काढली नाही. मोजायला काही नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी दोननंतर बसले. तिसऱ्या दिवशी बसले. पंधरा दिवस बसले. मधे झेवियरची आई गेली, पेटी गेली, परत आली. गादीवर एका म्हातारीचा खळगा होता, तिच्याच मापाचा, तिच्याच जागी. झेवियरच्या आईसाठी मी रडले, आणि मला त्यात बरं वाटलं, कारण इतक्या वर्षांत मी परक्या कुणासाठी रडलेच नव्हते.

पण एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही. इतकी वर्षं मी समजत होते की ती माझ्यासाठी परत येते. आईला सोडवत नाही तिला, असं मी मनाशी म्हणायची आणि त्या एका गोष्टीवर जगायची. ती माझ्यासाठी आलीच नव्हती. तिला खाली जाता येत नव्हतं, म्हणून ती तिथं पडून होती, अंधारात, परक्यांच्या खाली, आणि मी बाहेर बसून खूश होते.

सोळाव्या दिवशी दुपारी मालन ताटली झाकून घेऊन आली. दारातच थांबली, कारण मी पेटीपाशी बसले होते आणि तिला वाटलं असावं की मी कुणाशी तरी बोलतेय.

"येव का गो?" ती म्हणाली. "का मागसून येव?"

"ये," मी म्हणाले. "घरात कोणी नाही."